फौंड्रीची काळी वाळू स्लॅबमध्ये चालते का?

कोल्हापूरच्या शिरोली, गोकुळ शिरगाव एमआयडीसीतील फौंड्रीत लोखंडाचा रस वाळूच्या साच्यात ओततात. सिलिका वाळूत बेंटोनाइट माती, कोळशाची भुकटी आणि पाणी मिसळून हा साचा तयार होतो. कास्टिंग निघाले की साचा फोडून तीच वाळू पुन्हा वापरतात. मात्र दरवेळी उष्णतेने तिचे कण तडकतात, झिजतात. शेवटी साच्याच्या कामाची न राहिलेली काळी वाळू उरते. कारखान्याला ती टाकायला जागा नाही आणि बांधकामाला वाळू मिळत नाही. मग ती थेट मिक्सरमध्ये का घालत नाहीत?

अडचण पाण्याची

या वाळूचे कण बारीक असतात आणि त्यांच्यावर माती व जळक्या कोळशाचा थर बसलेला असतो. तो पाणी शोषतो. त्यामुळे माल घट्ट होतो आणि मिस्त्री साइटवरच आणखी पाणी ओततो. पाणी वाढले की काँक्रीटची ताकद घटते. मातीच्या थरामुळे सिमेंटची पकडही सैल पडते. रेझिन वापरलेल्या साच्यांची वाळू तर वेगळीच ठेवावी लागते, कारण तिच्यात फिनॉलसारखी रसायने राहू शकतात.

नियम काय सांगतो?

काँक्रीटच्या खडी-वाळूचे भारतीय मानक म्हणजे आयएस ३८३. त्याच्या २०१६ च्या आवृत्तीने काही औद्योगिक कचऱ्याला वाळूऐवजी परवानगी दिली, पण मर्यादा घालून. आरसीसीत तांब्याचे स्लॅग ३५ टक्क्यांपर्यंत, लोखंडाचे २५ टक्क्यांपर्यंत चालते. पोलादाचे स्लॅग आरसीसीत शून्य! त्यातला मोकळा चुना पाणी लागल्यावर फुगतो आणि काँक्रीट आतून तडकू शकते. तांब्याच्या स्लॅगची गोष्ट फौंड्रीच्या वाळूच्या अगदी उलट आहे. ते काचेसारखे गुळगुळीत असते, पाणी जवळपास पीत नाही. प्रमाण वाढले की पाणी वर तरंगून येते.

फौंड्रीची वाळू या यादीत नाही. त्यामुळे ठेकेदाराने ती परस्पर स्लॅबमध्ये घालणे धोक्याचे. पेव्हर ब्लॉक, विटा, रस्त्याखालचा भराव इथे तिला खरा वाव आहे, तोही नेहमीच्या वाळूत काही हिस्सा मिसळून आणि चाचणी करून. फुटलेला ब्लॉक उचलून बदलता येतो, स्लॅब बदलता येत नाही.

घर बांधणाऱ्याने काय पाहावे?

स्वस्तात काळी वाळू आली तर ती नेमकी कोणत्या कारखान्याची आणि कोणत्या प्रक्रियेतली, हे आधी विचारावे. क्यूबच्या ७ आणि २८ दिवसांच्या चाचणीचा रिपोर्ट मागावा. काचेच्या बाटलीत वाळू व पाणी घालून हलवले आणि तासाभराने वर गाळाचा जाड थर दिसला, तर ट्रॉली उतरवूच नये. मात्र बाटलीत पाणी स्वच्छ राहिले म्हणून प्रयोगशाळेची चाचणी टाळता येत नाही.