तीन ग्रॅमची गोळी

गेल्या हिवाळ्यात आमच्या वर्गाची सहल लोणावळ्याच्या बाजूला गेली होती. तेथे एका मैदानावर मुलांना 'पेंटबॉल' खेळायचा होता. लाकडी फळ्या, जुने टायर आणि रिकामी पिंपे यांच्या आडून दोन संघ एकमेकांवर रंगाच्या गोळ्या झाडत होते. ज्याच्या अंगावर गोळी फुटून रंग उमटेल तो बाद. खेळ ऐन रंगात आला असताना पंचांची शिट्टी कर्कश वाजली आणि सगळे थांबले. आमच्या एका विद्यार्थ्याच्या मुखवट्याची काच आतून धुरकटली होती, म्हणून त्याने मुखवटा कपाळावर सरकवला होता. त्याला ताबडतोब मैदानाबाहेर काढण्यात आले. स्वारी रागावून माझ्याकडे आली. "सर, गोळी फक्त तीन ग्रॅमची! आत रंगाचं पाणी. तिला एवढं काय घाबरायचं?"

प्रश्न रास्त होता आणि पदार्थविज्ञानाचा होता. त्याचे उत्तर आपण आकडे मांडूनच शोधू या.

प्रथम या खेळाची ओळख करून घेऊ. रंगाच्या गोळ्या झाडणारी बंदूक मुळात खेळासाठी निघालीच नव्हती. अमेरिकेत जंगलातील तोडायच्या झाडांवर आणि कळपातील गुरांवर लांबून खूण करण्यासाठी नेल्सन नावाची रंगाची कंपनी ती विकत असे. म्हणूनच खेळाडू तिला आजही बंदूक न म्हणता 'मार्कर', म्हणजे खूण करणारी, असे म्हणतात. २७ जून १९८१ रोजी न्यू हॅम्पशायर राज्यातील हेनिकर गावाजवळच्या रानात चार्ल्स गेन्स, हेज नोएल, बॉब गर्न्सी आणि त्यांचे मित्र असे बारा जण हे मार्कर घेऊन उतरले. रानात ठेवलेली निशाणे गोळा करून, रंग न लागता बाहेर पडायचे होते. जिंकला तो रिची व्हाइट. हा गृहस्थ जंगलाच्या कामात मुरलेला. त्याने दिवसभरात एकही गोळी झाडली नाही असे सांगतात. रानात न दिसता, आवाज न करता कसे चालावे हे त्याला ठाऊक होते, एवढेच.

आता त्या गोळीकडे वळू. ती १७ मिलिमीटरहून किंचित मोठी असते. तिचे कवच जिलेटिनचे असते. औषधाच्या दुकानात मिळणारी माशाच्या तेलाची मऊ कॅप्सूल तुम्ही पाहिली असेल, तीच ही जात. आतला रंग पाण्याने धुऊन निघतो. वस्तुमान सुमारे ३ ग्रॅम. आमच्या विद्यार्थ्याचे इथपर्यंत बरोबर होते. पण ती नळीतून बाहेर पडते तेव्हा तिचा वेग दर सेकंदाला ९० मीटरच्या आसपास असतो. बहुतेक मैदानांवर वेगाची कमाल मर्यादा साधारण एवढीच ठेवतात. ताशी हिशेब केला तर हे ३२४ किलोमीटर झाले!

गतिज ऊर्जेचे सूत्र तुम्हांला पाठ आहे : वस्तुमानाची निमपट गुणिले वेगाचा वर्ग. ०.००३ किलोग्रॅमची निमपट ०.००१५. तिला ९० च्या वर्गाने, म्हणजे ८१०० ने गुणले की १२ ज्यूलच्या थोडे वर उत्तर येते. वस्तुमान चिमूटभर असले तरी वेगाचा वर्ग घ्यावा लागतो, ही गोष्ट वर्गात सगळे जण मान डोलावून मान्य करतात आणि मैदानावर विसरतात.

१२ ज्यूल म्हणजे किती? ५८ ग्रॅमचा टेनिसचा चेंडू ताशी ७४ किलोमीटर वेगाने फेकला तर त्याची ऊर्जा एवढीच भरते. गल्लीत क्रिकेट खेळताना असा चेंडू आपण पाठीवर कितीदा तरी झेललेला असतो. मग विद्यार्थ्याचेच खरे म्हणायचे का?

नाही. ऊर्जा किती हे जसे पाहायचे, तशी ती किती जागेवर पडते हेही पाहायचे. टेनिसच्या चेंडूच्या मध्यछेदाचे क्षेत्रफळ सुमारे ३४ चौरस सेंटिमीटर, तर रंगाच्या गोळीचे अवघे २.३५. म्हणजे चेंडूच्या बाबतीत दर चौरस सेंटिमीटरला ०.३६ ज्यूल आणि गोळीच्या बाबतीत ५ ज्यूलच्या वर. जवळजवळ चौदापट! शिवाय ही गोळी आपल्या व्यासाएवढ्या अंतरात थांबते असे धरले, तर सरासरी बल ७०० न्यूटनच्या घरात जाते. सत्तर किलोच्या माणसाने अंगावर उभे राहावे तसे हे बल, पण सेकंदाच्या अडीच हजाराव्या भागापुरते. अंगरखा जाड असेल तर गोळी फुटते, चट्का बसतो, फार तर वळ उठतो. न फुटता उसळून गेलेली गोळी जास्त लागते, कारण उलट दिशेने जाताना तिच्या संवेगात अधिक बदल होतो.

डोळ्याचा हिशेब मात्र वेगळा आहे. डोळा हाडाच्या खोबणीत बसवलेला असतो. खोबणीचे तोंड सुमारे ४ सेंटिमीटर रुंद आणि साडेतीन सेंटिमीटर उंच. टेनिसचा चेंडू साडेसहा सेंटिमीटरचा. तो आला तर बराचसा मार कडेचे हाड झेलते. पावणेदोन सेंटिमीटरची गोळी त्या कडेला शिवतही नाही, सरळ आत जाते. डोळ्याचा गोल स्वतःच २.४ सेंटिमीटरचा, आत द्रव भरलेला. सारी ऊर्जा त्याच्यावर. डोळ्यात रक्त साकळणे, भिंग जागेवरून सरकणे, दृष्टिपटल सुटणे असे अपघात डॉक्टरांनी नोंदवलेले आहेत, आणि त्यांतले बहुतेक मुखवटा नसलेल्या किंवा क्षणभर काढलेल्या खेळाडूंना झालेले आहेत. नेहमीचा चष्मा येथे उपयोगाचा नाही. तो फुटला तर काचाच डोळ्यात जायच्या. चष्मा असणाऱ्यांनी तो आत ठेवून वरून मुखवटा घालावा.

याच खेळाचा जपानी भाऊ म्हणजे 'एअरसॉफ्ट'. जपानमध्ये खरी बंदूक बाळगण्यावर कडक बंधने आहेत. तेथे १९७० च्या दशकात हुबेहूब दिसणाऱ्या पण प्लॅस्टिकच्या गोळ्या मारणाऱ्या बंदुकांचा छंद सुरू झाला. गोळी ६ मिलिमीटरची, वजन बहुधा ०.२ ग्रॅम. तिचा रंग उमटत नाही, त्यामुळे गोळी लागली हे ज्याचे त्याने हात वर करून सांगायचे असते. खोटारड्यांना या खेळात जागा नाही, किंवा खरे सांगायचे तर फार सोय आहे! २००६ साली जपानने कायद्यात दुरुस्ती करून मर्यादा घातली, ती पाहण्यासारखी आहे : दर चौरस सेंटिमीटरला साडेतीन ज्यूल. नुसती ऊर्जा मोजून कायदेकर्ते थांबले नाहीत. आपण वर केला तोच भागाकार त्यांनी केला. ६ मिलिमीटरच्या गोळीला हे ०.९८ ज्यूल पडतात, म्हणजे ०.२ ग्रॅमच्या गोळीला सेकंदाला सुमारे ९९ मीटर.

एवढी हलकी गोळी हवेत लवकर मंदावते. हवेचा विरोध धरून गणित केले तर वीस मीटरच्या आतच तिचा वेग निम्मा होतो. पेंटबॉलच्या गोळीला तेवढ्यासाठी तीस-पस्तीस मीटर लागतात. म्हणून एअरसॉफ्टच्या नळीत वरच्या बाजूला रबराचा लहानसा उंचवटा ठेवतात. गोळीचा वरचा भाग त्याला घासून मागे राहतो आणि गोळी उलटी फिरत बाहेर पडते. टेबल टेनिसमध्ये 'चॉप' मारलेला चेंडू तरंगत जातो ना, तसेच येथे होते. फिरण्यामुळे गोळीला वरच्या दिशेने बल मिळते आणि ती बरीच लांबवर सरळ जाते. यालाच मॅग्नस परिणाम म्हणतात.

वेगाची मर्यादा घातली खरी, पण ती पाळली जाते हे कसे कळणार? खेळापूर्वी प्रत्येक बंदूक वेगमापकावर तपासतात. थोड्या अंतरावर दोन प्रकाशकिरण असतात. गोळी पहिला तोडते तेव्हा घड्याळ सुरू, दुसरा तोडते तेव्हा बंद. अंतर १० सेंटिमीटर असेल तर ९० मीटर वेगाच्या गोळीला हजारांश सेकंदाहून किंचित जास्त वेळ लागतो. बाकी सातवीतला भागाकार.

ही तपासणी दिवसातून एकदाच करून भागत नाही, विशेषतः मार्करला द्रवरूप कार्बन डायऑक्साइडची नळकांडी जोडली असेल तर. ० अंश सेल्सियसला या वायूचा बाष्पदाब वातावरणाच्या सुमारे ३५ पट असतो, २० अंशांना ५७ पट आणि ३० अंशांना ७१ पट. सकाळच्या गारव्यात मर्यादेत असलेली बंदूक दुपारी उन्हात ठेवली की गोळी अधिक जोराने फेकू लागते. ३१ अंशांच्या पुढे तर हा वायू द्रवरूपात राहूच शकत नाही, आणि आपल्याकडे एप्रिलच्या दुपारी ३१ अंश म्हणजे काहीच नव्हे. म्हणून चांगल्या मैदानांवर दाबलेली साधी हवा आणि दाब नेमका ठेवणारी झडप वापरतात.

तुम्हांला हा खेळ खेळून पाहायचा असेल तर सुरुवातीला काहीही विकत घेऊ नका. पालकांना किंवा शिक्षकांना बरोबर घ्या, मैदानाची वयाची अट विचारा आणि तेथलेच साहित्य भाड्याने घ्या. 'आज वेग तपासला का?' असे बेधडक विचारा. उत्तर द्यायला कोणी कांकूं केले तर सरळ घरी या. पूर्ण बाह्यांचा सदरा, जाड विजार आणि घोटा झाकणारे बूट पुरतात. जमिनीवर पडलेल्या गोळ्या उचलून पुन्हा भरू नका. जिलेटिन ओल शोषून फुगते आणि गोळी नळीतच फुटते. खेळ थांबला की नळीच्या तोंडावर टोपण चढवायचे आणि बोट चापापासून दूर ठेवायचे. एअरसॉफ्टची बंदूक तर रस्त्यावर उघडी कधीच नेऊ नये. ती खोटी आहे हे तुम्हांला ठाऊक असते, पोलिसाला नसते.

राहिली धुरकटणारी काच. आपला श्वास सुमारे ३४ अंशांचा आणि बाष्पाने जवळजवळ संपृक्त असतो. काच त्याहून गार असली की तिच्यावर दव धरते. डिसेंबरात आणि पावसाळ्यात हे हमखास होते. चांगल्या मुखवट्याला दुहेरी काच असते. मधल्या हवेच्या थरातून उष्णता सहज जात नाही, त्यामुळे आतली काच उबदार राहते. भाड्याचे मुखवटे बहुधा एकेरी काचेचे असतात. तेव्हा मुखवटा घेताना दुहेरी काचेचा मागा, आणि तरीही धुके आलेच तर तो न काढता हात वर करून पंचांना हाक मारा. जाळीच्या बाहेर गेल्यावरच काच पुसायची.

आमच्या विद्यार्थ्याला मी हे सारे गणित तेथेच एका फळीवर खडूने मांडून दाखवले. चौदापट आकड्यावर तो बराच वेळ रेंगाळला, मग खोबणीचे माप त्याने स्वतःच्या बोटांनी चाचपून पाहिले. दुपारच्या डावात त्याची काच पुन्हा धुरकटली. या वेळी तो दोन्ही हात वर करून आंधळ्यासारखा उभा राहिला, आणि पंचांनी त्याला दंडाला धरून जाळीबाहेर आणेपर्यंत त्याच्या पाठीवर तीन ठिकाणी पिवळा रंग उमटला होता.