भारी काळ्या जमिनीची सुधारणा

दख्खनच्या पठारावरील भारी काळी जमीन कसदार म्हणून ओळखली जाते. कापूस, रब्बी ज्वारी, गहू, हरभरा आणि बागायतीतील ऊस ही पिके तीत उत्तम येतात. परंतु हीच जमीन पावसाळ्यात चिखल होऊन पीक पिवळे पाडते आणि उन्हाळ्यात तिला खोल भेगा पडून पिकाची मुळे तुटतात. हे दोष दूर करण्यासाठी पैसा व श्रम कोणत्या क्रमाने खर्च करावेत, हे जाणणे अगत्याचे आहे. क्रम चुकल्यास खर्च तर वाया जातोच, शिवाय चांगली जमीन नापीक होण्याचाही संभव असतो.

दोषाचे मूळ

ही जमीन मुख्यत्वे काळ्या पाषाणाची झीज होऊन बनलेली आहे. तीत चिकण मातीचे प्रमाण पुष्कळदा शेकडा ४० ते ६० असते. चिकण मातीचे कण अतिसूक्ष्म असून ते पाण्याने फुगतात व वाळल्यावर आकसतात. माती फुगली म्हणजे तिच्यातील पोकळ्या बुजतात, पाणी खाली उतरत नाही आणि मुळांना हवा मिळत नाही. पाणी साचल्यानंतर पीक पिवळे पडते, ते प्रथम याच कारणाने. अशा वेळी केवळ खताचा हप्ता वाढवून उपयोग होत नाही. जमिनीचा ओल धरण्याचा गुण कायम राखून जादा पाण्यास वाट करून देणे, हेच सुधारणेचे मर्म होय.

वाळू व गाळ

भारी जमिनीत वाळू मिसळावी, असा समज काही ठिकाणी आहे. एका एकरातील वरच्या १५ सेंटिमीटर थराचे वजन सुमारे ८०० टन भरते. त्यातील चिकण मातीचे प्रमाण शेकडा ६० वरून ४० वर आणावयाचे, तर ४०० टन वाळू लागेल. तीन टनांच्या ट्रॉलीने ती वाहण्यास सव्वाशेहून अधिक खेपा होतील. कुंडीत किंवा लहान वाफ्यात हा उपाय करता येईल, शेतात तो परवडणारा नाही.

तलावाच्या गाळाविषयीही तारतम्य बाळगावे. २०१७ साली सुरू झालेल्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेतून अनेक गावांत गाळ शेतावर गेला. हा गाळ हलक्या, मुरमाड जमिनीस हितकारक ठरतो. भारी जमिनीत तो टाकल्यास निचरा अधिकच मंदावतो.

प्रथम निचरा

शेताच्या सखल बाजूस चर काढून त्याचे तोंड नाल्यास मिळवावे व दरवर्षी पावसाळ्यापूर्वी त्यातील गाळ व तण काढावे. वरच्या शेतातील पाणी खालच्या शेतात तुंबत असेल, तर सर्व शेतकऱ्यांनी मिळून सामाईक चर काढावा. एकट्याने काढलेला चर अशा ठिकाणी निरुपयोगी ठरतो.

खरीप पिकासाठी रुंद वरंबा व सरी ही पद्धत उपयुक्त आहे. हैदराबादजवळील पाटणचेरू येथील इक्रिसॅट संस्थेने काळ्या जमिनीसाठी ती विकसित केली. साधारणतः एक मीटर रुंदीचा वरंबा व त्यालगत अर्ध्या मीटरची सरी ठेवतात. सऱ्यांना बेताचा उतार द्यावा, म्हणजे जादा पाणी माती न वाहवता निघून जाते आणि वरंब्यावरील मुळांना हवा मिळते.

वाफसा आणि मशागत

ओल्या जमिनीत औत किंवा ट्रॅक्टर घातल्यास माती दडपली जाऊन वाळल्यावर विटेसारखी ढेकळे निघतात. मुठीत दाबलेली माती बोटांस चिकटत नसेल व तिचा गोळा हलक्या दाबाने फुटत असेल, तर वाफसा आला असे समजावे. मशागत वाफशावरच करावी. उभ्या पिकात वेळेवर कोळपणी केल्यास भेगा बुजतात व ओल टिकते.

सेंद्रिय खते

निचऱ्याची सोय झाल्यावरच खताचा पूर्ण लाभ मिळतो. एकरी चार ते पाच टन चांगले कुजलेले शेणखत अथवा कंपोस्ट घालावे. ते न मिळाल्यास ताग किंवा धैंचा पेरून पीक फुलोऱ्यावर येण्याच्या सुमारास, सुमारे दीड महिन्याने, जमिनीत गाडावे. सेंद्रिय पदार्थांमुळे मातीचे कण एकत्र येऊन रवाळ घडण तयार होते. हा परिणाम एका हंगामाने टिकत नाही, म्हणून धसकटे व पाचट जाळू नयेत.

चोपण जमीन व जिप्सम

नीरा खोऱ्यात कालव्याचे पाणी आल्यानंतर क्षारांचा प्रश्न उद्भवला. डॉ. हॅरोल्ड मॅन व ताम्हाणे यांनी तेथील क्षारयुक्त जमिनींचा अभ्यास १९१० साली प्रसिद्ध केला. निचऱ्याविना पाणी देत राहिल्यास क्षार वर येतात. पुढे मातीच्या कणांवर सोडियमचे प्रमाण वाढून जमीन चोपण होते.

अशा जमिनीस जिप्सम द्यावे. मात्र माती परीक्षणाने गरज ठरवूनच. जिप्सममधील कॅल्शियम सोडियमची जागा घेते. सुटलेला सोडियम चांगल्या पाण्याने निचऱ्यावाटे बाहेर जाणे आवश्यक असते. चर नसेल तर तो शेतातच राहतो आणि जिप्समचा खर्च व्यर्थ जातो.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यास खत किंवा जिप्सम सुचविण्यापूर्वी मोठ्या पावसानंतर त्याच्याबरोबर शेतावर जावे आणि पाणी कोठे थांबते ते पाहावे. त्या जागेपासून चराची आखणी केल्यास पुढील प्रत्येक उपाय कारणी लागेल.