पाठीतल्या नळीचं औषध : मॉर्फिन की फेंटॅनिल?

बाळंतपणात किंवा ऑपरेशननंतर दुखू नये म्हणून पाठीत नळी ठेवायची म्हटलं, की घरची माणसं घाबरतात. कंबर कायमची जाईल, अफूची सवय लागेल, असं वस्तीत बोललं जातं. सुई टोचल्या जागी काही दिवस दुखतं, पण एपिड्युरलमुळे कंबर कायमची दुखत नाही. एक-दोन दिवस मोजून दिलेल्या औषधाने व्यसन लागण्याची भीतीही नको.

मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर बारीक नळी ठेवून तिच्यातून बधिर करणारं औषध सोडतात. सोबत बहुधा फेंटॅनिल किंवा मॉर्फिन असतं. दोन्ही अफूच्या गटातली, पण गुण वेगळे.

फेंटॅनिल चरबीत पटकन विरघळतं. पाच-दहा मिनिटांत आराम पडतो, पण असर दोन ते चार तासच टिकतो. म्हणून बाळंतकळांत ते नळीतून थोडं थोडं चालू ठेवतात.

मॉर्फिनचा आराम पडायला अर्धा ते एक तास लागतो, पण एक डोस बारा ते चोवीस तास पुरतो. सिझेरियननंतर त्याचा मोठा उपयोग. मात्र खाज, मळमळ, लघवी अडकणं याने जास्त होतं. खरा धोका पुढे आहे. हे औषध मणक्यातल्या पाण्यातून हळूहळू मेंदूकडे चढतं आणि कित्येक तासांनीही श्वास मंद करू शकतं. म्हणून चोवीस तास श्वास मोजावे लागतात.

पेशंट हाक मारूनही नीट जागी होत नसेल किंवा मिनिटाला दहापेक्षा कमी श्वास घेत असेल, तर "झोपलीय बिचारी" म्हणून गप्प बसू नका. लगेच सिस्टरला बोलवा. नॅलोक्सोन हे त्यावरचं उतारा-इंजेक्शन आहे.

1985च्या अंमली पदार्थ कायद्यामुळे मॉर्फिन मिळणं अवघड झालं होतं. 2014च्या दुरुस्तीने रुग्णांसाठी ती वाट सोपी केली.

पनवेलचं उपजिल्हा रुग्णालय असो की खाजगी दवाखाना, सही करण्याआधी विचारा: एपिड्युरलची सोय आहे का? औषध कोणतं, किती तास पुरेल? रात्री श्वास कोण मोजणार? नॅलोक्सोन वॉर्डात आहे का? रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, तर आधीच सांगा.

"बाईने सोसायचंच असतं" हे वैद्यकशास्त्र नाही. वेदना कमी करून मागणं हा लाड नव्हे, उपचाराचाच भाग आहे.