आवाजाची चाळणी

तमाशासाठी प्रसिद्ध असलेले नारायणगाव जुन्नर तालुक्यात आहे. जुन्नर-आंबेगावच्या जत्रांत फड रंगतो तेव्हा ढोलकीचा घुमारा दूरवर पोचतो. वगातले बोलणे मात्र मागच्या रांगेत अस्पष्ट होते. घुमाऱ्याची कंप्रता कमी असते, तर ‘स’, ‘श’ या वर्णांची ऊर्जा बहुतांशी 3,000 हर्ट्झच्या आसपास आणि वर असते. ध्वनिवर्धकाचे ‘ट्रेबल’ बटण उतरवले की पहिली गदा त्यांच्यावरच येते. गिटारच्या अँप्लिफायरलाही अशीच बटणे असतात.

प्रयोग करून पाहा. अँप्लिफायर बॅटरीवरचाच घ्या. घरातल्या विजेवर चालणारा उघडू नका, बंद केल्यावरही त्यातील कपॅसिटरमध्ये घातक भार उरू शकतो. अँप्लिफायरकडे येणाऱ्या संकेताच्या तारेत 10 किलोओहमचा रोधक जोडा. त्याच्या अँप्लिफायरकडील टोकापासून भूतारेला 0.01 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा. उच्च कंप्रतेला कपॅसिटर सहज वाट देतो, म्हणून ती भूतारेकडे निसटते. सुमारे 1,600 हर्ट्झला विद्युतदाब 70 टक्के उरतो, पुढे घटतच जातो. हलगीची कडकड बोथट होते.

आता दोघांची अदलाबदल करा. खर्ज गळतो, आवाज पत्र्यासारखा येतो!

पुन्हा पहिली जोडणी करून कपॅसिटर व भूतार यांच्यामध्ये 100 किलोओहमचा बदलता रोधक घाला. झाले टोनचे बटण. गंमत अशी, की ते कोणताही स्वर वाढवत नाही. नकोसा तेवढा घटवते.

नारायणगावजवळच खोडदला 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेनांची रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या ग्राहकयंत्रांतही अशा चाळण्या आहेत, फक्त कोट्यवधी हर्ट्झच्या.