आपटला तरी न फुटणारा ग्लास

खळ्ळ!

स्वयंपाकघरातून हा आवाज आला की आमच्या घरातली पुढची तीन वाक्यं ठरलेली. ‘हलू नकोस!’ ‘आधी चपला घाल!’ आणि ‘कुणी फोडला?’ मग केरसुणी, केरभरणी, ओलं फडकं. एवढं करूनही आठवड्याने कुणाच्या तरी टाचेत बारीकशी काच घुसतेच. सहाच्या सेटमधले चार उरतात, मग तीन. पाच पाहुण्यांना तीन ग्लासांत सरबत कसं देणार? की आई चालली बाजारात, नवा सेट आणायला.

आणि दुकानदार म्हणाला, ‘ग्लास नाहीत, पुढच्या महिन्यात बघा’ तर? दुसऱ्या दुकानातही नाहीत, तिसऱ्यातही नाहीत?

असा एक देश खरंच होता. पूर्व जर्मनी. १९४९ साली जन्मला आणि १९९० साली नकाशावरून पुसला गेला. तिथे समाजवादी राज्य होतं, म्हणजे जवळजवळ सगळे कारखाने आणि बहुतेक दुकानं सरकारची. किती बूट शिवायचे, किती साबण बनवायचा, हे सरकारी योजनेत आधीच लिहिलेलं. किमतीही सरकारच ठरवणार. छोटा पाव ५ फेनिगला मिळायचा (१०० फेनिग म्हणजे १ मार्क) आणि कित्येक वर्षं तेवढ्यालाच मिळत राहिला. इतका स्वस्त, की काही लोक घरच्या सशांना आणि कोंबड्यांनाही पावच घालायचे! घरभाडं कमी होतं आणि आई कामाला गेली की बाळाला पाळणाघरात जागा मिळायची.

पण केळी? संत्री? ती बाहेरच्या देशांतून आणायची, आणि त्यासाठी लागणारं परदेशी चलन सरकारकडे कमी. त्यामुळे ही फळं दुकानात आली रे आली की रांग. कधी काय मिळेल याचा नेम नाही, म्हणून लोक बाहेर पडताना खिशात घडी केलेली पिशवी ठेवायचे. ही पिशवी असायची डेडेरॉनची. डेडेरॉन म्हणजे त्यांचं नायलॉन. देशाच्या नावाची आद्याक्षरं जर्मन भाषेत ‘डे-डे-एर’ अशी म्हणतात, त्यावरून कापडाचं नाव डेडेरॉन. देशाच्या नावाचं कापड, आणि त्याची भाजीची पिशवी. मला ही गंमत फार आवडते.

मोटारीची कथा तर याहून भारी. तिचं नाव ट्राबांट. मोटारीसाठी पोलादी पत्रा पुरेसा मिळेना, म्हणून तिचं बाहेरचं अंग बनवलं कापसापासून! सोव्हिएत संघातून आलेला कापसाचा टाकाऊ भाग रेझिनमध्ये, म्हणजे एका चिकट रसायनात भिजवायचा आणि गरम साच्यात दाबायचा. कडक, न गंजणारं पॅनेल तयार. अशा ३० लाखांहून जास्त गाड्या बनल्या, तरी नाव नोंदवल्यावर गाडी हातात यायला दहा-पंधरा वर्षं सहज लागायची. म्हणून वापरलेली गाडी कधीकधी नव्या गाडीपेक्षा महाग विकली जाई, कारण ती आजच मिळायची ना! हसू नका. आपल्याकडेही एके काळी लोक स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबत. आजोबांना विचारा.

तर, ग्लास.

खाणावळीत, कॅन्टीनमध्ये रोज ग्लास फुटत आणि नवे पुरेसे येत नसत. मग तिथल्या शास्त्रज्ञांनी प्रश्नच उलटा केला. जास्त ग्लास बनवता येत नाहीत ना? मग फुटणारच नाहीत असे बनवू!

पण काच मुळात का फुटते? कापडाच्या दुकानात कधी नीट पाहिलंय? दुकानदार आधी कापडाच्या काठाला कात्रीने छोटीशी चीर देतो, मग दोन्ही हातांनी टर्रकन फाडतो. चीर नसेल तर तेच कापड ओढून ओढून हात दुखतील. काचेचंही तसंच. ग्लासावर डोळ्यांना न दिसणारे असंख्य चरे असतात. ग्लास पडला की काच क्षणभर ताणली जाते, एखादा चरा उघडतो आणि तडा सुसाट पळत सुटतो. खळ्ळ!

म्हणजे चरे उघडू दिले नाहीत की काम झालं. पण ते दाबून कसे धरायचे?

इथे मुंबईची लोकल मदतीला येते. तीन माणसांच्या बाकावर ‘जरा सरका’ म्हणत चौथा येऊन टेकतो, ती चौथी सीट तुम्हाला माहीत असेल. आता असं समजा, की बाकावर चार सडपातळ माणसं बसलीत. त्यातला एक उतरला आणि त्याच्या जागी एक गलेलठ्ठ काका बसले. आता कुणाला इंचभर तरी हलता येईल का?

साध्या काचेत सोडियमचे आयन असतात. आयन म्हणजे विद्युतभार असलेले अणू. हे आपले सडपातळ प्रवासी. पोटॅशियमचे आयन त्यांच्याहून जाडे. शास्त्रज्ञांनी पोटॅशियम नायट्रेट घेतलं. हाच तो सोरा, फटाक्यांच्या दारूतला. तो साधारण ४०० अंश सेल्सिअसला तापवला की पाण्यासारखा पातळ होतो. या उकाड्यात ग्लासांना अंघोळ घातली की पृष्ठभागावरचे सोडियम बाहेर पडतात आणि त्यांच्या जागी पोटॅशियम काका जाऊन बसतात. ग्लास थंड झाला, की काका अडकले! केसाच्या जाडीहूनही पातळ अशा त्या थरात इतकी दाटी होते, की चरे घट्ट मिटून राहतात.

हे ग्लास १९८० पासून श्वेपनित्स नावाच्या गावातल्या सरकारी कारखान्यात बनू लागले. नाव ‘सुपरफेस्ट’, म्हणजे एकदम पक्का. पातळ, हलके, एकात एक रचता येणारे. अमर नव्हते हं, जोरात आपटले तर तेही फुटत. पण साध्या ग्लासाच्या दहापट तरी टिकत. दहा वर्षांत सुमारे १२ कोटी बनले. देशाची लोकसंख्या होती दीड कोटीच्या थोडी वर. माणशी किती आले? करा भागाकार.

हे ग्लास पश्चिमेकडच्या व्यापाऱ्यांनाही दाखवले. कुणी घेतले नाहीत. ग्लास फुटलेच नाहीत तर नवे विकायचे कुणाला, असा त्यांचा हिशेब होता म्हणतात. हे ऐकून पूर्व जर्मनी फार शहाणा देश वाटेल. पण ग्लास फुटू नये म्हणून एवढा जीव टाकणाऱ्या त्याच देशाने १९६१ साली बर्लिनमध्ये भिंत बांधली, आपली माणसं बाहेर पळू नयेत म्हणून. ती ओलांडताना माणसं मारली गेली. गुप्त पोलीस लोकांची पत्रं वाफेवर धरून उघडत, वाचत आणि परत चिकटवून पाठवत. देशाच्या नावात ‘लोकशाही’ हा शब्द होता, पण खुर्चीवर कायम एकच पक्ष. मला तो ग्लास आवडतो, ती भिंत नाही.

१९८९ च्या नोव्हेंबरमध्ये भिंत उघडली, पुढच्या वर्षी पूर्व आणि पश्चिम जर्मनी एक झाले, आणि त्याच वर्षी सुपरफेस्टचं उत्पादन बंद पडलं. युक्ती मात्र मेली नाही. खरं तर ती एकट्या पूर्व जर्मनीची नव्हतीच, अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनाही १९६० च्या दशकात ती जमली होती. आज बाबांच्या मोबाइलच्या पडद्यावर जी मजबूत काच असते, तिच्यातही असेच जाडे पोटॅशियम काका दाटीवाटीने बसलेले असतात.

आणि ते जुने ग्लास? जर्मनीतल्या जुन्या बाजारात ते अजून विकायला येतात आणि लोक त्यांतून मजेत पाणी पितात.

एक मात्र करा. हा लेख वाचून घरातला ग्लास खाली टाकून बघू नका. त्यात सडपातळ सोडियमच बसलेत, आणि ‘कुणी फोडला?’ या प्रश्नाला ‘मासिकात लिहिलं होतं’ हे उत्तर चालणार नाही.