जठराविना माणूस जगतो कसा?

सुरगाण्याच्या एखाद्या पाड्यावर नागलीची भाकरी आणि उडदाची आमटी जेवून तुम्ही उठलात, की ते अन्न काही तास जठरात घुसळले जाते. आता हे जठरच कापून काढले तर? माणूस उपाशी मरेल, असेच तुम्हांला वाटेल ना?

१८८१ साली व्हिएन्ना येथे थिओडोर बिलरोथ यांनी एका स्त्रीच्या जठराचा कर्करोगाने ग्रासलेला भाग काढला व उरलेले जठर लहान आतड्याला शिवले. ती शस्त्रक्रियेतून वाचली. पण रोग बळावून सुमारे चार महिन्यांनी दगावली. १८९७ मध्ये झुरिकच्या कार्ल श्लाटर यांनी तर संपूर्ण जठर काढले. ती रुग्ण वर्षाहून अधिक काळ जेवूनखाऊन जगली!

रोग जठराच्या खालच्या टोकाला असेल, तर वरचा भाग राखता येतो. वर किंवा सर्वत्र असेल, तर सगळेच काढावे लागते. अन्ननलिका मग आतड्याला जोडायची. पण सरळ जोडली तर पित्त उलटे वर चढून तिला जाळते. यावर सेझार रू या स्विस शल्यविशारदाची युक्ती वापरतात. आतडे कापून त्याचे खालचे टोक वर ओढून अन्ननलिकेला शिवतात आणि पित्त आणणारे दुसरे टोक सुमारे अर्धा मीटर खाली जोडतात. वहीत काढून पाहा, इंग्रजी 'वाय' अक्षर दिसेल.

पोटात शिरण्याच्या वाटा दोन. एक म्हणजे छातीच्या हाडाखालून बेंबीपर्यंतचा छेद. दुसरी, लहान छिद्रांतून दुर्बीण व अवजारे घालण्याची. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमटन उडवाडिया यांनी १९९० मध्ये अशा रीतीने पित्ताशय काढले. पुढच्याच वर्षी जपानमध्ये जठराचा भाग याच वाटेने निघाला. आतले काम मात्र दोन्हींत तेच.

पचनाचे बरेचसे काम स्वादुपिंडाचा रस करतो, म्हणून माणूस तगतो. साठवणीची पिशवी मात्र गेलेली असते. त्यामुळे थोडेथोडे, दिवसातून पाचसहा वेळा खावे लागते. जिलेबीवर ताव मारला, तर साखर एकदम आतड्यात उतरून घाम फुटतो, चक्कर येते.

खरा धोका उशिरा येतो. ब-१२ जीवनसत्त्व शोषण्यास लागणारे एक प्रथिन जठरच तयार करते. यकृतातील साठा काही वर्षे पुरतो. तोवर रुग्ण ठणठणीत असतो आणि इंजेक्शनासाठी दवाखान्याची वाट कशाला तुडवायची, असे त्याला वाटू लागते. मग हळूहळू रक्त कमी होते, पायांना मुंग्या येतात. मज्जातंतूंची ही इजा फार दिवस राहिली, तर पुरती भरून येत नाही. म्हणून संपूर्ण जठर काढलेल्याला ब-१२ जन्मभर घ्यावे लागते.