कागदावरची मोटार आणि दारातली मोटार

धानाचे चुकारे हाती आले की गोंदिया, तिरोडा, आमगावच्या बाजारपेठांतून जुन्या मोटारींची विचारपूस सुरू होते. आणि ज्या जिल्ह्याच्या एका अंगाला बालाघाट व दुसऱ्या अंगाला राजनांदगाव आहे, तेथे एमएच-३५च्या जोडीला एमपी-५० आणि सीजी-०८ क्रमांकांची वाहनेही विक्रीस उभी राहावीत, यात नवल नाही. नवल आहे ते याचे की, एकरभर बांधी घेताना सातबारा वाचून न थांबता तिच्या चतुःसीमा स्वतः फिरून पाहणारा चोखंदळ गृहस्थ मोटार घेताना मात्र सारी भिस्त कागदावर ठेवतो.

‘आर. सी. बुक अस्सल, सरकारी ॲपवर माहिती जुळते, म्हणजे गाडी चोख’ हा समज सर्वांत रूढ आणि सर्वांत घातक आहे. चोरीच्या मोटारीवर त्याच बनावटीच्या, त्याच रंगाच्या दुसऱ्या निर्वेध मोटारीचा क्रमांक चढवणे हेच या धंद्याचे मर्म असल्यामुळे एमपरिवहन या सरकारी ॲपवर क्रमांक घालताच विमा आणि नोंदणीची तारीख बिनचूक दिसते. कारण सरकारी दप्तर उत्तर देते ते क्रमांकाविषयी, समोर उभ्या असलेल्या लोखंडाविषयी त्याला काहीच ठाऊक नसते. ६ जानेवारी २०२५ रोजी मुंबईत ताजमहाल हॉटेलच्या परिसरात एकाच क्रमांकाच्या दोन मोटारी एकाच वेळी दिसल्या, तेव्हा कुठे खऱ्या मालकाला आपण न केलेल्या नियमभंगांची ई-चलने का येत होती याचा उलगडा झाला. कर्जवसुली चुकवण्यासाठी दुसऱ्या मोटारवाल्याने आपल्या पाटीवरील एक अंक बदलला होता. म्हणून ज्या क्रमांकाची गाडी घ्यायची, त्यावरील ई-चलने छायाचित्रांसह अवश्य पाहावीत. मालक म्हणतो गाडी सालेकशाबाहेर गेली नाही आणि चलन पुण्याचे निघते, तर तेथेच सौदा थांबवावा.

खरी साक्ष चॅसीवर कोरलेल्या सतरा अक्षर-अंकांची. तो क्रमांक कोठे आहे हे गाडीच्या माहितीपुस्तिकेत दिलेले असते. बहुधा इंजिनकक्षाच्या मागील पत्र्यावर किंवा पुढील आसनाजवळच्या गालिच्याखाली तो सापडतो. त्यावर कागद ठेवून शिसपेन्सिल घासली की ठसा उतरतो, आणि परिवहन कार्यालयाच्या ना-हरकत अर्जात, म्हणजे नमुना २८मध्येही असाच ठसा मागितला जातो. अक्षरांची खोली कमीजास्त असणे, भोवती कानस फिरल्याच्या खुणा, तेवढ्याच भागावर नवा रंग, पत्र्याला जोड, ही सारी संशयाची कारणे होत. या क्रमांकात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरे कधीही नसतात, हे ठाऊक असले तरी एखादा अडाणी भामटा पकडता येतो. हुशार भामट्यासाठी मात्र त्या बनावटीच्या अधिकृत सेवाकेंद्रात जावे: गाडीच्या संगणकात साठवलेला क्रमांक बाहेरच्या क्रमांकाशी ताडून घ्यावा आणि दुरुस्तीची जुनी नोंद मागावी. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या संकेतस्थळावरही वाहन चोरीच्या नोंदीत आहे काय ते पाहता येते. मात्र तेथे क्रमांक घालावा तो चॅसीवरून उतरवलेला, विक्रेत्याने सांगितलेला नव्हे.

‘आर.टी.ओ.तून पास झाली, मग काय भीती?’ असे म्हणणाऱ्यांनी २०२४ सालचे प्रकरण ध्यानात ठेवावे. परराज्यांत चोरलेल्या मालमोटारींचे चॅसी क्रमांक बदलून, अरुणाचल प्रदेश व नागालँडच्या कागदांच्या आधारे त्यांची महाराष्ट्रात फेरनोंदणी केल्याच्या आरोपावरून नवी मुंबई पोलिसांनी केलेल्या अटकेत आपल्याच विदर्भातील परिवहन अधिकारीही होते. त्याआधी २०२१मध्ये याच पोलिसांनी पुराच्या पाण्यात बुडालेल्या आणि भंगार म्हणून विकलेल्या बीएस-चार मोटारी चॅसी क्रमांक बदलून गिऱ्हाइकांच्या गळ्यात बांधल्याचे उघडकीस आणले. नोंदणी आवश्यक खरी, पण ती निर्दोषत्वाचा दाखला नव्हे.

उच्च सुरक्षा पाटीविषयीही असाच भाबडेपणा आढळतो. तिच्यावरील क्रोमियमचे अशोकचक्र आणि कोपऱ्यातील लेसर क्रमांक पाहावेत, न उघडणाऱ्या कड्या शाबूत आहेत का तेही पाहावे. परंतु पाटी ही शेवटी पाटीच.

मुद्रांकावर नोटरीसमोर लिहून घेतलेले खरेदीपत्र पुरेसे, असेही अनेकजण मानतात. पण मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५० नुसार हस्तांतरणाची वर्दी विक्रेत्याने राज्यांतर्गत १४ दिवसांत व परराज्यातील नोंदणी असल्यास ४५ दिवसांत, आणि खरेदीदाराने ३० दिवसांत द्यावयाची असते; बालाघाटची गाडी कायमची गोंदियास आणायची तर तेथील ना-हरकत प्रमाणपत्र व येथील नवा क्रमांक ओघाने आलेच. ते प्रमाणपत्र विक्रेत्याने हाती ठेवले म्हणून मानू नये. ते ज्या कार्यालयाने दिले त्याच्याकडून खातरजमा करावी. कर्जाचा बोजा चढलेला असेल तर तो उतरल्याचा नमुना ३५ हवाच. व्यापाऱ्याकडून घेत असाल, तर १ एप्रिल २०२३पासून लागू झालेल्या नियमांनुसार त्याचे प्राधिकारपत्र मागण्यास संकोच करू नये.

राहिला तो शेवटचा आधार: ‘मी तर पूर्ण पैसे मोजून, प्रामाणिकपणे घेतली, माझी गाडी कोण नेणार?’ कायदा येथे कठोर आहे. मालविक्री अधिनियम, १९३० च्या कलम २७चे तत्त्व असे की, विक्रेत्याजवळ जो हक्क नाही तो खरेदीदाराला मिळत नाही. त्यामुळे गाडी मुद्देमाल म्हणून जप्त होते आणि न्यायालयाच्या सुपूर्दनाम्यावर बहुधा मूळ मालकाकडे, किंवा त्याला भरपाई देऊन बसलेल्या विमा कंपनीकडे जाते. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली शिक्षा होण्यास माल चोरीचा असल्याची जाणीव, किंवा तसे मानण्यास कारण, असावे लागते हे खरे. पण सहा लाखांची मोटार दोन लाखांत घेणाऱ्याला ‘मला संशयच आला नाही’ हे पटवून देणे अवघड जाते. पैसे परत मिळवण्याचा मार्ग मालविक्री अधिनियमाच्या कलम १४ खाली विक्रेत्याविरुद्ध उरतो, आणि त्यासाठी विक्रेता सापडावा लागतो. म्हणून रक्कम रोखीने न देता नोंदणीकृत मालकाच्याच बँक खात्यात, त्याचे ओळखपत्र व पत्ता घरी जाऊन पडताळल्यावरच द्यावी, आणि चॅसीवर पेन्सिल घासू देण्यास जो विक्रेता टाळाटाळ करील त्याच्याकडून गाडी घेऊ नये.